दोन मिनिटांनी काय होते?

आमच्या वडगावच्या कोपऱ्यावर रोज सकाळी साडेसातला शाळेची पिवळी बस येते. माझी धाकटी मुलगी दुसरीत आहे. कधी वेणी राहिलेली असते, कधी पाण्याची बाटली सापडत नाही. बसचे मामा एकदाच हॉर्न वाजवतात आणि थांबतात. ‘दोन मिनिटांनी काय होते?’ असे मी गेली दोन वर्षे म्हणत आलो. उत्तर यंदाच्या जुलैत मिळाले.

बसमधल्या मावशी गावी गेल्या होत्या. मुलांबरोबर चालकाशिवाय आणखी एक मोठे माणूस हवे. शाळेच्या बससाठी सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये घालून दिलेल्या नियमांतही ते आहे. मामांनी विचारले, “सर, एक दिवस तुम्ही येता काय ओ?” कॉलेज अकराला होते. मी हो म्हटले.

बस येळ्ळूरहून सुटते. सात वाजता राजहंसगड धुक्यात पार बुडाला होता. दोन्ही बाजूंच्या भातशेतात पाणी साचलेले. रेनकोटातली चिमुरडी एकेक करून चढू लागली. मराठी घरातले मूल ‘मामा’ म्हणते आणि कन्नड घरातलेही ‘मामा’च म्हणते. मामांची भाषा मात्र थांब्यागणिक बदलते. एकीकडे “ये गं बाय, सावकाश,” तर पुढच्या वळणावर “बेग बा, मळी बर्तैती.” ‘सावकाश’ हा शब्द तेवढा दोन्हीकडे चालतो.

वडगावात आमचा कोपरा आला. सगळी बस थांबली आणि माझीच मुलगी जागेवर नव्हती! हॉर्न एकदा वाजला. मागची पोरे माझ्याकडे बघत होती आणि मी घड्याळाकडे. बऱ्याच वेळाने सौभाग्यवती मुलीला ओढत आल्या. पूर्ण तीन मिनिटे झाली होती.

एकेकाळी सांगली संस्थानात असलेल्या शहापुरातल्या अरुंद गल्ल्यांतून वाट काढत, गोवावेस ओलांडून आम्ही आरपीडीला पोचलो. तिथे एक आजी बालवाडीतल्या नातवाला घेऊन उभ्या होत्या. छत्री एकच, ती पूर्ण नातवावर धरलेली. आजींचे लुगडे चिंब झाले होते. त्या काही बोलल्या नाहीत, नातवाचा हात माझ्या हातात दिला आणि वळल्या. माझी मान खाली गेली.

पुढे दुसऱ्या रेल्वे गेटचे फाटक आमच्या डोळ्यांदेखत पडले. मामांनी इंजिन बंद केले. मी म्हणालो, “आमच्यामुळे उशीर झाला.”

“उशिराचं काय नाही ओ सर. उशीर झाला की माणूस गडबड करतो. गडबडीत मागची सीट बघायची राहिली तर? तेवढीच भीती असते बघा.”

गाडी गेली, फाटक उघडले. तरी मामांनी काटा चाळीसच्या वर जाऊ दिला नाही. शाळेत घंटा होऊन गेली होती. मी घाईघाईने मुलांना उतरवले आणि सांगून टाकले, “झाली सगळी.”

मामा तरीही आत चढले. एकेका सीटवर हात ठेवत शेवटपर्यंत गेले. मागच्या कोपऱ्यात, दप्तराला मिठी मारून, आजींचा तोच नातू गाढ झोपला होता. “एळप्पा, साळी बंतु,” मामा हळूच म्हणाले आणि त्याला कडेवर घेऊन खाली उतरले.

माझ्या हातापायांतले बळच गेले. मी मान खाली घातली, पण मामांनी दोष दिला नाही. एवढेच म्हणाले, “मोजताना चूक होते ओ सर. म्हणून मी मोजतोही आणि बघतोही.”

ही बस आपल्यापैकी पुष्कळांच्या कोपऱ्यावर येते. आपण फीची पावती बघतो, वेळेवरून तक्रार करतो. पण पोराला शाळेत पोचवणारा हा माणूस रोज रिकाम्या सीटवरून हात फिरवतो, हे आपल्याला ठाऊक नसते.

आमच्या घरी आता वेणी रात्रीच घातली जाते. सात पंचविसाला आम्ही बापलेक कोपऱ्यावर उभे असतो.