पत्र्याखालची हवा

वसमत-कळमनुरीकडे पत्रा ठोकायला गेलं की घरधनी हमखास विचारतो, "मिस्त्री, लई तापंल का हो?" तापणारच. मे महिन्यात आपल्या हिंगोलीचा पारा चाळिशी सहज ओलांडतो. १८२९ साली लंडनच्या गोदीसाठी हेन्री पामर नावाच्या इंजिनिअरनं नळीदार पत्रा काढला; त्याचा जन्मच शेडसाठी. आपण त्याखाली बाळंतिणी निजवतो.

जुन्या माळवदाचा जाड मातीचा थर ऊन खाली उतरायला संध्याकाळ करायचा, आणि सवन्यातून, म्हणजे छतातल्या झरोक्यातून, धूर, ऊब निघून जायची. माळवद गळायचं, दरसाल माती मागायचं, म्हणून पत्रा आला. सवनं तेवढं गेलं.

ते परत द्यायचं, एवढंच माझं काम. वर पत्रा, खाली सिलिंग, मधे पोकळी. हवा वळचणीतून शिरावी, तापून वर चढावी, आढ्यातून बाहेर पडावी. सिलिंग आडव्या पाइपांना चिकटवलं तर प्रत्येक पाइपापाशी हवा अडते, म्हणून ते चार बोटं खाली टांगायचं. आढ्याची टोपी उचलून बसवायची, दोन्ही तोंडांना बारीक जाळी. नाहीतर उंदीर, गांधीलमाश्या आधी मुक्कामाला. लोकांना मात्र ही फट सिमेंटनं लिंपायची भारी हौस!

वाऱ्यानं सगळी धग जात नाही. तापलेला पत्रा खाली किरणं फेकत राहतो. त्यासाठी चकचकीत फॉइल, तोंड खाली करून, पत्र्याच्या पोटाला. वर तोंड केलं की धूळ बसते आणि पैसे वाया. पत्र्यावरून पांढरा रंग दिला तर निम्मी लढाई तिथंच संपते.

वळचण उघडी ठेवली की वळवाच्या वादळात वारा आतूनही पत्रा उचलतो, हे कबूल. म्हणून कडेला आणि आढ्याला जे-बोल्ट जवळजवळ, तेही नळीच्या माथ्यावर, खोलगटात नाही. पत्र्यावर दगड ठेवायची चाल मला बिलकूल पसंत नाही. वादळात दगडही खाली येतो.

केंद्राच्या २०१८ च्या इको निवास संहितेनं छतातून किती उष्णता झिरपावी याची मर्यादा घातली आहे, पण ती मोठ्या भूखंडावरच्या इमारतींना. दोन खोल्यांच्या घरात मिस्त्री करेल तोच कायदा. तेव्हा यंदा पत्रे बदलणार असाल तर नवा कुलर नंतर बघा. आधी आढं मोकळं ठेवून घ्या.