नियम, वहिवाट आणि खेळ

संगणकावरचे खेळ म्हणजे पोरकट कालापव्यय, असे मानणारा एक सुविद्य वर्ग आपल्याकडे आहे, आणि त्याच्याशी वाद घालण्याची मला हौस नाही. परंतु ज्याचा चरितार्थच संगणकप्रणालींची निगा राखण्यावर चालतो, त्याला खेळाइतका कठोर परीक्षक दुसरा सापडणार नाही, एवढे मात्र मी अनुभवाच्या आधारे सांगू शकतो. पत्र लिहिण्याचा प्रोग्रॅम क्षणभर थबकला तर ते लेखकाच्या ध्यानातही येत नाही. जमाखर्चाच्या तक्त्याने उत्तर द्यायला अर्धा सेकंद घेतला तर कारकून ते खपवून घेतो. पण सेकंदाला ६० चित्रे पडद्यावर उमटवणाऱ्या खेळाला एकेका चित्रासाठी जेमतेम सोळा-सतरा मिलिसेकंदांचा अवधी मिळतो, आणि तेवढ्यात दाबलेल्या कळीची दखल, शत्रूच्या चालीचा हिशेब, आवाजाची जुळणी आणि अगणित त्रिकोणांचे रेखाटन ही सगळी कामे उरकावी लागतात. कुठे ढिलाई असेल तर ती तत्काळ डोळ्यांना खुपते. दिवसा मी लिनक्सवर चालणारे सर्व्हर सांभाळतो आणि रात्री विंडोजसाठी लिहिलेले खेळ त्याच लिनक्सवर चालवतो. प्रोग्रॅम म्हणजे काय, याचे खरे शिक्षण मला या दुसऱ्या उद्योगाने दिले.

त्या शिक्षणाचे सार असे की, प्रत्येक प्रणालीत दोन कायदे एकाच वेळी अमलात असतात: एक लिहिलेला नियम आणि दुसरी वहिवाट. नकाशात नसलेली पायवाट शेताच्या बांधावरून वर्षानुवर्षे चालू असली, की ती अडवणाऱ्याला मामलेदाराच्या कचेरीत जाब द्यावा लागतो. संगणकाच्या राज्यातही नेमके हेच घडते. ‘सिमसिटी’ या प्रसिद्ध खेळाची हकिकत या दृष्टीने मननीय आहे. एकदा परत केलेली स्मृती पुन्हा वाचू नये, असा प्रोग्रॅमरांचा लिखित नियम. सिमसिटी तो मोडत असे, आणि जुन्या प्रणालीत परत केलेली जागा लगेच दुसऱ्या कोणाला दिली जात नसल्यामुळे तो दोष कोणाच्या लक्षात येत नसे. विंडोज ९५ ची तयारी चालू असताना हा खेळ कोसळू लागला, तेव्हा मायक्रोसॉफ्टच्या मंडळींनी खेळाला दोष देऊन हात झटकले नाहीत. सिमसिटी चालू आहे असे दिसताच परत आलेली स्मृती तत्काळ मोकळी न करण्याची खास तजवीज त्यांनी आपल्याच प्रणालीत केली. नियम खेळाच्या विरुद्ध होता, वहिवाट त्याच्या बाजूने होती, आणि वहिवाटीचा विजय झाला.

विंडोजचे प्रोग्रॅम लिनक्सवर चालवणारे ‘वाइन’ हे अशाच वहिवाटींचे एक अवाढव्य दप्तर आहे. १९९३ साली हे काम सुरू झाले, १९९४ पासून अलेक्सांद्र ज्युलियार यांनी त्याची धुरा वाहिली, आणि १.० ही आवृत्ती प्रसिद्ध व्हायला २००८ साल उजाडले. पंधरा वर्षांचा हा काळ पाहून हसणाऱ्यांना त्या कामाचे स्वरूप कळलेले नसते. वाइन विंडोजची प्रतिकृती यंत्रात उभी करत नाही, किंवा प्रोसेसरची नक्कलही करत नाही. खेळातील आज्ञा आपला प्रोसेसर थेटच पाळतो. मात्र तो खेळ जेव्हा ‘अमुक फाइल उघड’, ‘तमुक खिडकी दाखव’ अशी मागणी विंडोजकडे करू जातो, तेव्हा तेथे वाइन बसलेले असते आणि विंडोजने जे उत्तर दिले असते तेच देते. मागण्यांची यादी छापील स्वरूपात उपलब्ध आहे, पण उत्तरे कशी निपजतात तो आतला कारभार गुप्त. म्हणून वाइनचे कारागीर छोट्या छोट्या चाचण्या लिहितात, त्या खऱ्या विंडोजवर चालवतात, आलेले उत्तर टिपून घेतात, आणि ते उत्तर दस्तऐवजाच्या विरुद्ध असले तरी त्या चुकीसकट तसेच्या तसे परत करण्याची व्यवस्था करतात. फाइलींच्या नावांचेच उदाहरण घ्या: इंग्रजी अक्षर मोठ्या लिपीतले की लहान, याची विंडोजला फिकीर नसते, तर लिनक्सच्या लेखी ती दोन वेगळी नावे होतात, खेळ लिहिणाऱ्याने बेफिकिरीने कधी असे, कधी तसे लिहून ठेवलेले असते, आणि त्याची ती बेफिकिरी निभावून नेण्यासाठी वाइनला अख्खे फोल्डर धुंडाळावे लागते. हा त्रास हलका करणारी सोय लिनक्सच्या एक्स्ट-फोर या फाइलव्यवस्थेत २०१९ साली आली.

या उद्योगाला राजाश्रय मिळाला तो व्हॉल्व्ह या कंपनीचा, आणि तोही स्वार्थातून; त्याबद्दल नाक मुरडण्याचे मला कारण दिसत नाही. २०१२ साली विंडोज ८ बरोबर मायक्रोसॉफ्टने आपले स्वतःचे दुकान प्रणालीतच मांडले, तेव्हा व्हॉल्व्हच्याच स्टीम या खेळांच्या दुकानाचे चालक गेब न्यूएल यांनी धोका ओळखून आपली नापसंती जाहीरपणे व्यक्त केली, आणि २०१३ मध्ये स्टीम लिनक्सवर आले. २०१५ ची ‘स्टीम मशीन’ नावाची यंत्रे मात्र सपशेल फसली, कारण त्यांचा भरवसा खेळ बनवणाऱ्यांनी लिनक्ससाठी वेगळी आवृत्ती काढण्यावर होता, आणि मूठभर गिऱ्हाइकांसाठी एवढा खटाटोप करणार कोण? २०१६ साली ‘व्हल्कन’ हा चित्ररेखनाचा खुला मानदंड प्रसिद्ध झाला. ‘निअर: ऑटोमाटा’ हा जपानी खेळ लिनक्सवर खेळता यावा या हौसेपोटी फिलिप रेबोले या जर्मन तरुणाने विंडोजच्या डायरेक्टथ्रीडी या चित्ररेखन-व्यवस्थेच्या मागण्या व्हल्कनच्या भाषेत उतरवणारे ‘डीएक्सव्हीके’ लिहिले. व्हॉल्व्हने त्याला पाठबळ दिले, वाइनशी त्याची सांगड घातली, आणि ऑगस्ट २०१८ मध्ये ‘प्रोटॉन’ या नावाने ते स्टीममध्येच बसवून दिले. खेळ बनवणाऱ्याला आता काहीच करावे लागत नव्हते, आणि माझ्या मते यशाचे सगळे मर्म त्यातच आहे. २०२२ मध्ये ‘स्टीम डेक’ हे हातात धरून खेळण्याचे यंत्र बाजारात आले, तेव्हा ते विकत घेणाऱ्या कित्येकांना आपण लिनक्स वापरतो आहोत याचा पत्ताही नव्हता. त्याच सुमारास प्रसिद्ध झालेला ‘एल्डन रिंग’ हा खेळ विंडोजवर मध्येच अडखळत असे. व्हॉल्व्हच्या मंडळींनी मधल्या थरात स्मृतीच्या वाटपाची पद्धत सुधारली, आणि तो डेकवर अधिक सुरळीत चालू लागला. पाहुण्याला यजमानाच्या घरी स्वतःच्या घरापेक्षा अधिक आराम मिळावा, असा हा प्रकार होता.

आता स्वपक्षीयांना दोन शब्द सुनावणे माझे कर्तव्य आहे. लिनस टोरवाल्ड्स यांनी हेलसिंकीत विद्यार्थी असताना, १९९१ साली, लिनक्सचा जो कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, लिहायला घेतला, त्याबाबत त्यांचा दंडक अत्यंत कडक आहे: काल चालत असलेला प्रोग्रॅम कर्नलमधील बदलामुळे आज बंद पडता कामा नये, मग तो प्रोग्रॅम नियमबाह्य का वागत असेना. हा वहिवाटीचा आदर थेट सिमसिटीच्या तोडीचा आहे. पण कर्नलच्या वरचे जे थर आहेत, ज्यांना आपण लायब्ररी म्हणतो, त्यांच्या कारागिरांनी हा दंडक तितक्या निष्ठेने पाळलेला नाही. १९९८ ते २००२ या काळात ‘लोकी’ नावाच्या एका छोट्या कंपनीने अनेक नामांकित खेळ खास लिनक्ससाठी सिद्ध केले. त्या खेळांची तबकडी आजच्या लिनक्सवर घातली, तर बहुधा कुठली तरी जुनी लायब्ररी सापडत नसल्याची तक्रार करून खेळ जागीच बसतो, आणि त्याच खेळाची विंडोज-आवृत्ती मात्र वाइनच्या आधारे पुष्कळदा निमूटपणे सुरू होते. याहून विलक्षण म्हणजे १६ बिटांच्या जमान्यातले विंडोज-प्रोग्रॅम आजचे ६४ बिटांचे विंडोज मुळीच चालवत नाही, आणि वाइन चालवते. मूळ संहिता खुली असणे ही मोठी गोष्ट खरीच. पण जुना शब्द पाळायला कोणी बांधील नसेल, तर खुल्या दारातूनही कोणी आत येत नाही.

या कामाचे कसब कशात आहे, असे विचाराल तर ते मुख्यतः संयमात आहे. खेळ सुरू झाला नाही की नवखा माणूस कुठून तरी गोळा केलेली आज्ञांची लांबलचक ओळ खेळाच्या माथी मारतो, आणि तो चालला तर कशामुळे, बिघडला तर कशामुळे, हे दोन्ही त्याला कळत नाही. माझी रीत जुन्या वैद्यांची: आधी लक्षण, मग निदान. प्रोटॉनला लॉग लिहायला सांगावे आणि शेवटच्या ओळीला न भुलता पहिली खरी तक्रार शोधावी. प्रत्येक खेळाचे स्वतंत्र फोल्डर, ज्याला आम्ही प्रीफिक्स म्हणतो, ते स्वतंत्रच ठेवावे, म्हणजे एकाचे औषध दुसऱ्याच्या पोटात जात नाही. आणि एका वेळी एकच बदल करावा. कधी कधी दोष तंत्रात नसतो, हेही ओळखता आले पाहिजे. खेळातील चित्रफितीच्या जागी रंगीत उभे पट्टे दिसू लागले, तर नवखा माणूस ग्राफिक्स कार्डाला शिव्या देतो. वास्तविक त्या चित्रफितीची सांकेतिक पद्धत पेटंटने बांधलेली असते, ती उलगडणारे साधन प्रोटॉनसोबत मुक्तपणे वाटण्यात कायद्याची अडचण असते, आणि व्हॉल्व्हने निराळ्या पद्धतीत रूपांतरित केलेली फीत येऊन पोचेपर्यंत ते पट्टे तिची जागा राखत असतात.

तंत्राचा प्रश्न असा बहुतांशी सुटला. उरला तो अधिकाराचा. स्पर्धेच्या ऑनलाइन खेळांत लबाडी पकडण्यासाठी ‘अँटी-चीट’ नावाचे पहारेकरी असतात. त्यांपैकी इझी अँटी-चीट आणि बॅटलआय यांनी २०२१ साली प्रोटॉनला वाट करून दिली, पण ती वाट उघडावी की नाही हे खेळाच्या मालकाच्या मर्जीवर ठेवले. आणि काही पहारेकरी तर थेट विंडोजच्या कर्नलमध्ये ठाण मांडतात, जेथे वाइनचा हात पोचूच शकत नाही. ‘लीग ऑफ लेजेंड्स’ हा खेळ स्वयंसेवकांच्या खटपटीने वर्षानुवर्षे लिनक्सवर चालत होता. २०२४ मध्ये ‘व्हॅनगार्ड’ हा पहारेकरी सक्तीचा झाला आणि ती वहिवाट एका फर्मानाने बंद झाली. त्याच वर्षी ‘एपेक्स लेजेंड्स’नेही, लबाडी करणारे लिनक्सचा आश्रय घेतात असे कारण देऊन, आपले दार लावले. लबाडीचा उपद्रव खोटा नाही, आणि तिच्यामुळे सचोटीच्या खेळाडूची संध्याकाळ नासते हे मला मान्य आहे. तरीही एका खेळासाठी यंत्राच्या गाभाऱ्यापर्यंतचा परवाना द्यावा काय, याचे माझे उत्तर नकाराचे आहे. ‘गेन्शिन इम्पॅक्ट’ या खेळाच्या पहारेकऱ्याचा ड्रायव्हर २०२२ साली खंडणीखोरांनी इतरांची संरक्षक साधने बंद पाडण्यासाठी वापरला. आणि जुलै २०२४ मध्ये क्राउडस्ट्राइक या सुरक्षा-कंपनीच्या एका सदोष फाइलीने सुमारे ८५ लाख विंडोज-यंत्रे आडवी केली, ती त्या कंपनीचा प्रोग्रॅम कर्नलमध्ये बसलेला होता म्हणूनच.

हाच अधिकाराचा प्रश्न रोजच्या वापरातही डोके वर काढतो. विंडोज १० ची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली, आणि विंडोज ११ च्या शर्तींत टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप आणि ठरावीक पिढीपुढचा प्रोसेसर या अटी असल्यामुळे, धडधाकट चालणारे असंख्य संगणक केवळ कागदोपत्री म्हातारे ठरले. आपल्या मराठीचाही अनुभव वेगळा नाही. युनिकोड रुळण्यापूर्वी इंग्रजी अक्षरांच्या क्रमांकांवर मराठी वळणे बसवलेल्या फॉन्टांत आपण हजारो दस्तऐवज टंकलिखित केले. ते फॉन्ट ज्याच्यापाशी नाहीत, त्याला त्या मजकुराच्या जागी निरर्थक इंग्रजी अक्षरांची रास दिसते, म्हणजे लेखन आपले आणि त्याची किल्ली दुसऱ्याच्या खिशात. आज ‘तऱ्हा’ आणि ‘दऱ्या’ यांतला अर्धा र लिनक्सवर, अँड्रॉइडवर आणि क्रोममध्ये सारखाच बिनचूक उमटतो, तो ‘हार्फबझ’ या खुल्या लायब्ररीच्या आधाराने. आणि ती किल्ली कोणा एकाच्या खिशात नाही.

तेव्हा माझा निवाडा असा. स्पर्धेचे ऑनलाइन खेळ हेच ज्याच्या करमणुकीचे सर्वस्व आहे, त्याने आज विंडोज सोडू नये. त्याला लिनक्सचा आग्रह करणारा मित्र त्याचा हितचिंतक नव्हे. जो एकट्याने खेळतो, कथा असलेले खेळ खेळतो, जुने खेळ पुन्हा काढून बसतो, त्याला विंडोज ठेवण्याचे तांत्रिक कारण आता फारसे उरलेले नाही. आणि विकत घेतलेला एखादा खेळ चाललाच नाही, तर १४ दिवसांच्या आत आणि दोन तासांहून कमी खेळला असल्यास स्टीम पैसे परत देते. वाचकांना विनंती एवढीच की, घरातला जुना संगणक भंगारवाल्याच्या हवाली करण्यापूर्वी पेन ड्राइव्हवरून लिनक्स एकदा सुरू करून पाहावे. त्यासाठी हार्ड डिस्कवरची एकही फाइल पुसावी लागत नाही.