एका टप्प्यात किती?

मागच्या हिवाळ्यात कल्याणच्या आमच्या उर्दू शाळेतली आठवीची मुलं घेऊन वरळीच्या नेहरू सायन्स सेंटरला गेलो होतो. तिथल्या आवारात 'मरुत' हे जुनं लढाऊ विमान उभं आहे. बंगळुरूत घडवलेलं, १९६१ साली पहिल्यांदा उडालेलं. मुलांना नावाचा अर्थ सांगितला: मरुत म्हणजे वारा, उर्दूत हवा. लगेच एका मुलीने विचारलं, "सर, इंजिन आत घेतलेल्या हवेचं काय करतं?"

मी भाषेचा शिक्षक. "वाचून सांगतो," म्हणालो आणि घरी येऊन खरंच वाचत बसलो.

'मरुत'ला ऑर्फियस जातीची दोन जेट इंजिनं होती. इंधन जाळण्याआधी हवा दाबावी लागते. ते काम कॉम्प्रेसरचं. ऑर्फियसमध्ये त्याचे सात टप्पे. प्रत्येक टप्प्यात पात्यांच्या दोन रांगा, एक फिरणारी आणि एक स्थिर. फिरणारी पाती हवेला वेग देतात. स्थिर पाती तो वेग आवरून त्याचा दाब करतात आणि हवेला पुढच्या टप्प्यासाठी नीट वळवून देतात. एका टप्प्यात दाब थोडाच वाढतो. पण समजा दर वेळी सव्वापट झाला, तरी सात टप्प्यांनंतर तो पावणेपाच पट होतो.

मग सगळं एकाच टप्प्यात का नाही? हवा कमी दाबाकडून जास्त दाबाकडे आपखुशीने जात नाही. एका दमात फार रेटलं तर ती पात्यांना सोडून देते आणि कधी कधी सगळा प्रवाहच उलटा, इंजिनाच्या तोंडाकडे फिरतो. याला 'सर्ज' म्हणतात. मोठा धडाका होतो, पाती तुटूही शकतात.

हे वाचताना गेल्या वर्षीचा एक मुलगा आठवला. घरी फक्त उर्दू, मराठीची जोडाक्षरंही अडायची. सहामाहीत गुण कमी पडले म्हणून मी दोन महिन्यांत पाचवी ते आठवीचं सगळं व्याकरण त्याच्यावर लादलं. रोज जादा तास. तो आधी गप्प झाला, मग यायचाच बंद झाला. त्याच्या अम्मीला मी सांगितलं होतं, "त्याला मेहनत नको."

मुलीला उत्तर सोमवारी फळ्यावर काढून दिलं. परवा तो मुलगा त्याच्या चाचांच्या दुकानात दिसला. "सलाम, सर," म्हणाला, पण नजर खाली. मी त्याला रविवारी घरी बोलावलं आहे. या वेळी आधी फक्त जोडाक्षरं.