चापड्याचं देणं

साप जवळून पहिल्यांदा पाहिले ते चंदगड तालुक्यातल्या ढोलगरवाडीला. बाबूराव टक्केकर सरांनी तिथल्या मामासाहेब लाड विद्यालयात सर्पशाळा उभी केली. नागपंचमीला तिथं माणसांची रीघ लागते. माझ्याच वयाची पोरं हातात साप धरून त्याची माहिती सांगत होती. माझी भीती तिथंच गेली. अक्कल यायला बरीच वर्षं लागली, आणि ती दिली चापडा नावाच्या एका सापानं.

पुढं कोल्हापुरात मी साप पकडू लागलो. कुणाच्या न्हाणीत धामण, कुणाच्या विटांच्या ढिगात नाग. फोन आला की गाडी काढायची. साप पोत्यात गेला की गल्ली टाळ्या वाजवायची, मग चहा. धामणीला तरी माझी किती गरज होती, हा प्रश्न तेव्हा पडत नव्हता.

त्याच तोऱ्यात एका पावसाळ्यात राधानगरी अभयारण्यातल्या दाजीपूरच्या जंगलात गेलो. ओढ्याकाठच्या कारवीवर, जेमतेम गुडघ्याच्या उंचीला, मलबारी चापडा बसला होता. शेवाळासारखा हिरवा, पाठीवर तपकिरी नक्षी. हिरवा म्हणून पुष्कळ जण त्याला हरणटोळ समजतात; पण हरणटोळाचं तोंड निमुळतं, डोळ्यातली बाहुली आडवी. याचं डोकं त्रिकोणी, बाहुली उभी, आणि डोळा व नाकपुडी यांच्यामध्ये एक खळगा. त्या खळग्यानं तो अंधारातही उंदराच्या अंगाची ऊब टिपतो.

मी काठी पुढं केली. बरोबरचे धनगर मामा म्हणाले, "धरून सोडणार कुठं? त्येचं घर हितंच हाय."

मला उत्तर सुचलं नाही. काठी आवरली.

दुसऱ्या रात्री गेलो तर तो त्याच फांदीवर. चापडा भक्ष्याच्या मागं लागत नाही. बेडूक, पाल, उंदीर येईल त्याची वाट पाहतो, कधी दिवसेंदिवस एकाच जागी. मी बघत उभा राहिलो. जळवा चढल्या, पाय भरून आले. पकडायचं नाही म्हटल्यावर करायचं काय, हे मला कुणी शिकवलंच नव्हतं. ते त्यानं शिकवलं.

मग वही आली, वाचन आलं. प्राणिशास्त्रज्ञ जर्डननं 1854 मध्ये त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. पश्चिम घाटाबाहेर हा साप नाही. हिरवा, पिवळा, नारिंगी, तपकिरी, अशा अनेक रंगांत सापडतो, आणि अंडी न घालता थेट पिल्लं देतो. राधानगरी अभयारण्याकडं मी तोवर गव्यांचं जंगल म्हणूनच पाहत होतो. त्याच्या ओल्या ओढ्यांकडं लक्ष गेलं ते या सापामुळं.

आता घाटाखालच्या वाड्यांवर बोलावतात तेव्हा पोतं नेत नाही. आपल्याकडची प्रतिविषाची लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांच्या विषावर बेतलेली आहे. चापड्याच्या दंशावर तिचा भरवसा धरता येत नाही. दंशानं जीव जाणं विरळा, पण सूज आणि कळा भयंकर. म्हणून सांगतो, पावसात रात्री बॅटरीशिवाय ओढ्यावर जाऊ नका, फांदीला हात घालण्याआधी बघा, आणि चावलाच तर मांत्रिकाकडं न जाता थेट दवाखाना गाठा. बायका पोरांना पुढं बसवून ऐकतात. शेवटी एखादा म्हातारा हमखास विचारतो, "मग मारायचा न्हाई म्हणता?" तेव्हा मी मामांचंच वाक्य सांगतो. माझ्यापाशी त्याहून बरं अजून नाही.