गूजशी हितगुज

'सध्या नवीन काय शिकतेयस?' या प्रश्नाची आपल्या पिढीत ठरलेली उत्तरं आहेत. साल्सा, पॉटरी, फ्रेंच, गेलाबाजार गिटार. माझं उत्तर ऐकून मात्र समोरच्याचा कॉफीचा मग हमखास हवेत थांबतो. कारण मी शिकतेय शॉर्ट रीड गूज कॉल! म्हणजे तोंडाने फुंकायची एक छोटीशी नळी. ती नीट फुंकली, तर आकाशातून चाललेल्या गूज पक्ष्यांना 'या, इकडे उतरा' असं सांगता येतं. आणि हो, ते उतरायला लागले की त्यांना बंदुकीने मारतात. इथपर्यंत आलं की संभाषणही थांबतं.

इंग्रजीतला गूज आणि मराठीतलं गूज यांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. आपलं गूज म्हणजे कानात सांगायची गोष्ट. पण ही नळी हातात घेऊन दोन महिने काढल्यावर मला तो योगायोग भलताच आवडायला लागलाय.

तर झालं असं, की नोव्हेंबरमध्ये मी अमेरिकेत मावसभावाकडे गेले होते. आमच्या खानदानात आयटीत नसलेला हा एकमेव एनआरआय. दादा पोल्ट्रीच्या धंद्यात आहे आणि राहतो मेरीलँडमध्ये, चेसापीक बेच्या पूर्व किनाऱ्यावर. मॉल नाही, मेट्रो नाही. मक्याची आणि सोयाबीनची सपाट शेतं, खाड्या, आणि थंडीत कॅनडाहून येणारे गूजचे थवे. काळी मान, गालावर पांढरा पट्टा, अंगाने आपल्या कोंबड्याच्या दुप्पट. रात्री अडीच वाजताही डोक्यावरून गोंगाट करत जातात. वहिनी म्हणते, 'ही आमची लोकल.'

जवळच्या ईस्टन गावात 1971 पासून नोव्हेंबरमध्ये वॉटरफाऊल फेस्टिव्हल भरतो आणि त्यात गूज कॉलिंगची चक्क वर्ल्ड चॅम्पियनशिप असते. टाइमपास म्हणून गेलो. स्टेजवर एक टोपीवाला पोरगा आला, दोन्ही हात तोंडाशी नेले आणि जेमतेम दीडेक मिनिटात त्याने एक अख्खा थवा उभा केला. लांबून येणारा, घुटमळणारा, आपापसात भांडणारा, खाली उतरून कुरकुरणारा. आवाज एका माणसाचा, पण ऐकू येत होते वीस पक्षी. मी तबल्याच्या सोलोला वेडी होणारी मुलगी. माझं तिथेच काम झालं.

दादाचा शेजारी शेतकरी आहे, सत्तरीचा. समोर दादा त्याला 'सर' म्हणतो आणि पाठीमागे आम्ही सगळे 'नाना'. नानांनी ड्रॉवरमधून एक साधा प्लास्टिकचा कॉल काढून दिला. अ‍ॅक्रिलिकचे चकाचक कॉल शंभर-दीडशे डॉलरच्या पुढे जातात, नवशिक्यांना ते कुणी देत नाही.

आत काय असतं? बाहेरची नळी म्हणजे बॅरल. तिच्यात घट्ट बसणारा दुसरा तुकडा, त्यात एक खोबणी, खोबणीवर मायलारची पातळ पट्टी म्हणजे रीड, आणि ती दाबून धरणारी छोटी पाचर. बस्स. पेटीच्या सुरासारखंच, हवा गेली की पट्टी थरथरते. फरक एवढाच, की पेटीत प्रत्येक सुराला वेगळी पट्टी असते आणि इथे एकीकडूनच सगळं काढायचं. जुन्या पद्धतीचे फ्ल्यूट कॉल लांबलचक असतात, त्यातून आवाज निघायला फार कष्ट पडत नाहीत. शॉर्ट रीड हे हट्टी कार्टं आहे. पण एकदा ऐकायला लागलं, की हाँक, क्लक, मोन, मर्मर सगळं देतं.

पहिले आठ दिवस माझ्या कॉलमधून फक्त प्रेशर कुकर निघाला. नानांनी गालांकडे बोट दाखवलं. गाल फुगले की संपलं! हवा पोटातून यायला हवी, आणि तीही गार नाही, गरम. चष्म्याची काच पुसायच्या आधी आपण तिच्यावर 'हाऽऽ' करतो ना, तशी. लहानपणी गाण्याच्या क्लासला बाई म्हणायच्या, 'बेंबीतून आवाज काढ.' तेव्हा बेंबी नेमकी कुठे जोडलेली असते हे कळलं नव्हतं, ते मेरीलँडमध्ये कळलं.

मग हात. डाव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी कॉलच्या टोकाभोवती गुंडाळायची, उरलेल्या बोटांची ओंजळ करायची आणि हवेला बाहेर पडायला अगदी लहानसं भोक ठेवायचं. हवा अडली की उलटा दाब येतो आणि रीड खाली दबून खर्जात घुमते. हा मोन. हाच पाया. तो लागला की त्याच खर्जावर हवा झटकन वाढवायची. एका बिंदूला रीड अचानक उडी मारते आणि वरचा टणत्कारी सूर लागतो. खालून वर गेलेली ती उडी म्हणजे हाँक. नाना म्हणायचे, कॉलमध्ये फुंकू नकोस, बोल. 'हू-इट' म्हण. आणि त्या 'ट'ला हवा जिभेने कचकन तोड. हाँक इतका आखूड केला की बोट मोडल्यासारखा आवाज येतो, तो क्लक. मला क्लक लागला तो डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, दादाच्या गाडीत, सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये. घरात सराव करायला वहिनीने बंदी घातली होती. बाजूच्या ट्रकवाल्याने काच खाली केली आणि अंगठा दाखवला. इतका निखळ आनंद मला बायलाइनने दिलेला नाही.

पण सूर काढणं निम्मंच. उरलेलं निम्मं म्हणजे समोरच्याचा मूड ओळखणं. थवा लांब असेल तर मोठ्या, सावकाश हाका. जवळ आला की कमी. पंख कमानीसारखे ताठ करून घसरायला लागला की जवळजवळ गप्प, फक्त पोट भरल्यावरची ती समाधानी कुजबुज. नवशिके नेमके इथेच जास्त बोलतात. (ऑफिसातल्या प्रेझेंटेशन्सबद्दल मी काहीही म्हणत नाहीये.)

तोंडानेच का, रेकॉर्डिंग का लावत नाहीत, असं मी नानांना विचारलं. कायद्याने चालत नाही! 1918 च्या मायग्रेटरी बर्ड ट्रीटी अ‍ॅक्टपासून तिथले नियम कडक होत गेले आहेत. 1935 साली जिवंत गूज बांधून इतरांना भुलवायला बंदी आली. 1991 पासून पाणपक्ष्यांवर शिशाचे छर्रे चालत नाहीत. शिकाऱ्याला दरवर्षी पंचवीस डॉलरचा डक स्टॅम्प घ्यावा लागतो आणि ते पैसे पाणथळ जागा वाचवायला जातात. तरीही गणित चुकलंच. उत्तर क्वेबेकमध्ये वीण करणाऱ्या या गूजच्या जोड्या 1988 साली 1,18,000 होत्या, त्या 1995 मध्ये 29,000 वर आल्या. सरकारने या स्थलांतरित गूजची शिकार काही वर्षं पूर्ण बंद केली. नानांनी त्या वर्षांत बंदूक कपाटात ठेवली. कॉल मात्र रोज फुंकला. नाहीतर ओठ विसरतात, म्हणाले.

जानेवारीत ते मला सोबत घेऊन गेले. मी फक्त बघायला. कापलेल्या मक्याच्या शेतात एक खड्डा, वर झाकण, आत बाकडं, नाना, त्यांचा मुलगा, एक लॅब्राडोर आणि मी. बाहेर प्लास्टिकचे डिकॉय. उजाडलं आणि थवा दिसला, आकाशात ठिपक्यांची ओळ. नानांनी सुरुवात केली. तो थवा आमच्याकडे वळला तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. वळला म्हणजे अक्षरशः मान वळवून, 'काय म्हणालात?' असं विचारल्यासारखा. मग पंख ताठ झाले, पाय खाली आले, नाना कुजबुजले. झाकण सरकलं. तीन आवाज.

दोन पक्षी पडले. त्या दिवसाचा कोटा संपला. लॅब्राडोरने आणलेला एक मी हातात घेतला. जड होता, आणि गरम.

बंदुका रिकाम्या होऊन पिशवीत गेल्या. आम्ही कॉफी ओतत होतो तेव्हा एक गूज परत आला, एकटाच. शेतावरून मोठी घिरटी, दर चार-पाच सेकंदांनी एक हाक. हे पक्षी बहुतेक जन्मभरासाठी जोडी करतात, हे मला नानांनीच पहिल्या आठवड्यात सांगितलं होतं. ते आत्ता काहीच बोलले नाहीत. माझ्या गळ्यातल्या कॉलकडे बोट केलं, एवढंच.

मी हाँक दिला. त्याने उत्तर दिलं. मी पुन्हा दिला, थोडा खालचा. तो वळला, पंख ताठ केले आणि आमच्यापासून वीसेक पावलांवर डिकॉयच्या मधोमध उतरला. दोन महिन्यांची मेहनत होती ती, खोटं कशाला बोलू, पहिला सेकंद मी फक्त खूश होते. मग तो एका प्लास्टिकच्या पक्ष्यापाशी गेला. मान खाली घालून काहीतरी पुटपुटला. तो सूर मला ओळखू आला, मर्मर. त्याला काय उत्तर द्यायचं तेही मला येत होतं. मी कॉल जॅकेटच्या आत टाकला. मिनिटभराने तो उडून गेला.

संध्याकाळी वहिनीने मालवणी मसाल्यात सुकं केलं. गूजचं मांस गडद, चवीला चिकनपेक्षा मटणाच्या जवळ. मी खाल्लं, दोनदा वाढून घेतलं. वीकेंडला बार्बेक्यू चिकन हाणणाऱ्यांनी माझ्याकडे जरा कमी रागाने बघावं. त्यांच्या ताटातल्या कोंबडीला कधी कुणी हाकसुद्धा मारलेली नसते.

एक गोष्ट मात्र मला तिथे बसून सलत राहिली. तोंडाने तितराची हुबेहूब हाक काढणारे लोक आपल्याकडेही आहेत, फासेपारधी. ईस्टनला या विद्येला ट्रॉफी मिळते. पारध्यांसारख्या जमातींना इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवायला सुरुवात केली, तो शिक्का कागदावरून 1952 मध्ये गेला आणि लोकांच्या डोक्यातून अजून जायचाय. 1972 च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली, ते योग्यच झालं. पण हाक मारणाऱ्यांना त्या बदल्यात आपण काय दिलं?

परत आल्यावर फेब्रुवारीत भिगवणला गेले. उजनीच्या फुगवट्यावर पट्टकादंब येतात, हिमालय ओलांडून. हेही गूजच. आवाज वेगळा, जास्त नाकातला. होडीवाल्या दादांनी इंजिन बंद केलं आणि आम्ही तसेच तरंगत राहिलो. थवा आपापसात बोलत होता. 'ताई, तुमचे ओठ हलतायत,' दादा म्हणाले. 'गाणं म्हणताय का?'

कॉल मी मुद्दाम पुण्यात ठेवून आले होते.