परमुलखातले दुखणे

दिवाळीची कापडखरेदी करायला कोल्हापूरकर गांधीनगर गाठतात. सिंधी दुकानदारांशी घासाघीस करताना फार थोड्यांच्या ध्यानी येते की, फाळणीनंतर ही मंडळी जिथे वसली, तिथे त्यांच्याआधी दुसरेच निर्वासित राहत होते! १९४३ ते १९४८ या काळात ही वळिवड्याची छावणी होती. सुमारे पाच हजार पोलिश माणसे, त्यांत बहुतेक बायका नि मुले. सोव्हिएत सरकारने १९४०-४१ साली देशोधडीला लावलेली, इराणमार्गे इकडे आलेली.

परमुलखात भूक लागली तर तोंडाकडे बोट नेता येते. दुखण्याचे तसे नाही. कळ की जळजळ, कालपासून की महिन्यापासून, हे खुणांनी सांगायचे कसे? पोलिशमध्ये 'दुखते' याला 'बोली' म्हणतात. एखादी पोलिश आई पोराच्या पोटावर हात ठेवून आपल्या डॉक्टरांना 'बोली, बोली' म्हणाली असती, तर त्या भल्या गृहस्थांना वाटले असते, बाई आपल्या भाषेविषयीच सांगताहेत!

छावणीत शाळा होत्या, चर्च होते आणि स्वतःचे इस्पितळही होते. मला या इस्पितळाचे फार वाटते. औषध तेच असेल. पण रात्री कण्हताना शेजारच्या खाटेवरून तरी पोलिश शब्द कानी पडत असतील.

सारेच बरे होऊन गेले नाहीत. कोल्हापुरातल्या ख्रिस्ती दफनभूमीत त्यांच्या कबरी आहेत. त्यांवरची नावे वाचताना आता आपली जीभ अडखळते.