खून तोच, गाव नवं

बुधवार, ६ ऑक्टोबर २०२१, शारजा
उद्या 'भ्रमम' लागतोय, श्रीराम राघवन यांच्या 'अंधाधुन'चा मल्याळम रिमेक. भारतात तो थेट अ‍ॅमेझॉन प्राइमवर, इथे आखातात मात्र थिएटरमध्ये. आमच्या इमारतीतल्या चेट्टांनी, म्हणजे मल्याळी दादांनी, माझंही तिकीट काढलंय. म्हणून आज २०१८ चा मूळ सिनेमा पुन्हा लावला. पुण्यातलं एक घर. आंधळ्याचं सोंग घेतलेला आकाश पियानो वाजवतोय आणि त्याच्या डोळ्यांदेखत प्रेत आवरलं जातंय. कुणी चकार शब्द काढत नाही. बोटं चालू राहतात. फिल्म न्वार म्हणजे रात्र, पाऊस, सिगारेटचा धूर, असं आपण धरून चालतो. राघवन यांनी पुण्याच्या भर दुपारी तितकाच काळोख उभा केला.

गुरुवार, ७ ऑक्टोबर
कामाच्या आठवड्याची शेवटची संध्याकाळ, त्यामुळे अल नहदा भागातल्या थिएटरबाहेर गाड्यांची रांग. हॉलमध्ये सगळे मास्क लावून बसलेले. नायक पृथ्वीराजच्या एंट्रीला तरुण पोरं ओरडली. पण खून होणाऱ्या जुन्या नटाच्या भूमिकेत शंकर दिसले, तेव्हा आमच्या रांगेतले साठीचे काका एकदम सावरून बसले. चेट्टा कानाशी म्हणाले, "१९८० चा 'मंजिल विरिंज पूक्कळ'. हीरो हे होते, मोहनलाल व्हिलन." पुढे शंकर यांचं प्रेत पडलं, तेव्हा काका हळहळले.

शुक्रवार, ८ ऑक्टोबर
सकाळी पुण्याला आईला फोन. 'अंधाधुन'मध्ये खून होणारा जुना नट म्हणजे अनिल धवन, तिच्या कॉलेजच्या दिवसांतले. पुण्याच्याच फिल्म इन्स्टिट्यूटचे. 'चेतना', मग १९७२ चा 'पिया का घर', जो आपल्या 'मुंबईचा जावई'वरूनच निघाला. "चांगल्या माणसाला मारलं गं," आई म्हणाली. तिच्यासाठी ते पात्र नव्हतंच, ओळखीचा माणूस होता. 'भ्रमम'ने गोष्ट जवळपास तशीच ठेवली, पण हा ओळखीचा माणूस बदलला. धवन यांनाच तिथे बसवलं असतं तर काकांना काय वाटलं असतं? रिमेकचं खरं काम तिथे आहे. कथानक कुणीही उचलेल. प्रेक्षकाच्या आठवणीतला माणूस शोधावा लागतो.

शनिवार, ९ ऑक्टोबर
न्वार पहिल्यापासून असाच गावोगाव फिरलाय. जेम्स केनची १९३४ ची 'द पोस्टमन ऑल्वेज रिंग्ज ट्वाइस' ही कादंबरी पडद्यावर आधी फ्रान्समध्ये आली, १९४३ मध्ये व्हिस्कोंतींनी तिला इटलीतल्या पो नदीच्या खोऱ्यात नेलं, आणि हॉलिवूडची पाळी १९४६ मध्ये आली. व्हिस्कोंतींच्या 'ऑसेसिओने'त घाम, धूळ, गरिबी सगळं तिथलंच आहे. उलट १९४४ मध्ये 'गॅसलाइट' नव्याने काढताना एमजीएमने १९४० च्या ब्रिटिश सिनेमाच्या प्रती नष्ट करू पाहिल्या. रिमेकने मूळ कृतीचा गळा घोटायचा नसतो. 'अंधाधुन' स्वतःही ऑलिव्हिए त्राइनेच्या एका फ्रेंच लघुपटावरून सुचलेला, आणि राघवन ते मोकळेपणाने सांगतात.

चेट्टांच्या घरी पुढच्या शुक्रवारी 'अंधाधुन' लावायचं ठरवलंय. त्यांना धवन कोण हे आधी सांगणार आहे, 'पिया का घर'ची गाणी ऐकवणार आहे. माणूस ओळखीचा झाला, की मगच त्याचा खून लागतो.